झालरीच्या बंगल्याची मालू

"साहेबाच्या घराला डबाभर तेल, आणि माझ्या डोक्याला नखभर नाय!"

मालू लग्न होऊन आली त्याच्या चौथ्या दिवशी तिच्या कानावर हे भांडण पडलं. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, म्हणून ती दाराआड बसून तांदूळ निवडत होती. बाहेर सासरा दाजी शिडीवर चढलेला, आणि सासू धोंडुबाई कमरेवर हात ठेवून शिडीखाली उभी.

"साहेब कुठला आता? साहेब विलायतेला जाऊन तीस वर्षं झाली," दाजी वरून म्हणाला.

"मग कोणाच्या घराला चोपडताय? भुताच्या?"

"लाकडाला लावतोय. पावसात कुजंल ते."

"आणि माझं कायच कुजत नाय?"

"तू काय सागाची हायस?"

त्यावर धोंडुबाईने जे काय काढलं ते लिहिण्यासारखं नाही. मालूला हसू आवरेना. तिने पदर तोंडात कोंबला, पण सासूच्या कानाला तेवढंही पुरलं. "हस गो बाय, हस. आज सासरा चढलाय, उद्या तुझा नवरा चढंल, परवा तू चढशील. या घराने आमच्यातल्या एकालाबी खाली बसू दिलं नाय."

धोंडुबाईने आयुष्यात पुष्कळ शाप दिले. फळला तेवढा हा एकच.

ते घर म्हणजे झालरीचा बंगला. पेणहून धरमतरच्या अंगाला गेलं की खाडीकाठी मिठागरं लागतात, त्यांच्या टोकाला उंच जोत्यावर तो उभा आहे. राणीच्या राज्यात मिठावर कर होता. तो कोणी चुकवू नये म्हणून एक गोरा साहेब तिथे आणून बसवला, आणि त्याच्यासाठी हे घर बांधलं. दारावरच्या दगडात १८८४ साल कोरलेलं आहे. आजूबाजूला खारटाण, बांध, चिखल आणि मधेच हे असं नटलेलं घर. एका लग्नाला निघालेला पाहुणा दुसऱ्याच मांडवात येऊन बसावा तसं.

साहेबाने घर बांधलं ते आपल्या मुलखातलं डोक्यात ठेवून. छपराला पुढून दोन उंच त्रिकोण, इतके उभे की वर कावळासुद्धा घसरावा. तिकडे छपरावर बर्फ पडतो, तो घसरून जावा म्हणून तसं करतात म्हणे. इथे बर्फ मिळतो तो मासळीच्या पेटीत. त्रिकोणांच्या कडेने सागाची झालर, पानं नि वेली कोरून भोकं पाडलेली, जणू लुगड्याची जाळीची किनार. प्रत्येक त्रिकोणाच्या टोकावर लाकडी भाला, आणि खाली माळ्याला वारा लागावा म्हणून एकेक गोल झरोका. पुढच्या दालनाची खिडकी भिंतीत सरळ न बसता पोट काढून बाहेर आलेली, तीन बाजूंनी काचा, त्यातल्या वरच्या लाल-निळ्या. तिला धोंडुबाई 'पोटुशी खिडकी' म्हणायची, आणि ते नाव पुढे राहिलं. बाकीच्या खिडक्यांना तिरप्या पट्ट्यांची लाकडी दारं, म्हणजे झिलमिली. ओसरीचे खांब बिडाचे, जहाजातून आलेले, त्यांच्या डोक्यावर कसल्याशा पानांचे झुबके. मागे चक्री जिना लोखंडाचा. साहेबाचा भंगी घरातून जाऊ नये म्हणून त्याच्यासाठी तो वेगळा केला होता.

आणि दालनात भिंतीतली शेगडी! संगमरवराची कड, फुलाफुलांच्या फरशा, वर छपराबाहेर धुराडं. वैशाखात जिथे माणूस ओला पंचा अंगावर टाकून बसतो, तिथे साहेबाने ऊब घ्यायची सोय केली होती. त्या शेगडीत आजवर विस्तव पडला नाही.

एकामागून एक साहेब आले, आणि स्वातंत्र्यानंतर शेवटचाही गेला. मग बंगला एका सरकारी खात्याकडून दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. अधिकारी मुक्कामाला यायचे, ते कमी कमी होत थांबले. दाजी तिथला राखणदार. बंगल्यामागे दोन खोल्या होत्या, त्यात हे कुटुंब राहायचं. दाजी मूळचा होडीवाला. होडीला जसं पावसाआधी उंडीचं तेल पाजतात तसं तो झालरीला पाजायचा, दरसाल, शिडी लावून, एकेक पान फडक्याने घासून. रंग कधी लावू दिला नाही. "रंग वरवर बसतो नि आत काय चाललंय ते कळू देत नाय," म्हणायचा. दाजी गेल्यावर मालूचा नवरा हिरामण चढला. हिरामणला छातीच्या दुखण्याने नेलं तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी मनाली सातवीत होती. खात्याने विचारलं, राखणदार म्हणून आता कोणाला घ्यायचं? मालूने शिडी दाखवली. मी चढते, म्हणाली.

कामातलं दुसरं अंग म्हणजे पत्रक. महिना संपला की घरात काय आहे, कसं आहे ते कागदावर लिहून पेणच्या कचेरीत द्यायचं. हे दाजीला कोण्या जुन्या अधिकाऱ्याने लावून दिलं होतं. तो अधिकारी गेला, ते खातं गेलं, पण पत्रक बंद करा असं कोणी सांगितलं नाही, म्हणून ते चालू राहिलं. मालूची शाळा दुसरीपर्यंतची. दाजीच्या कागदावरून ती अक्षरं गिरवायची, आणि जिथे शब्द अडेल तिथे आपला घालायची. तिचं पत्रक असं असायचं: "पोटुशी खिडकी, काचा बारा, एकीला तडा. झिलमिली चौदा जोड, एक अडते. खांब सहा, उजवीकडून दुसऱ्याच्या पानाला गंज. झालर, डावीकडचा त्रिकोण, वरून सातवं पान हलतं, सुतळीने बांधलं. रंग नाय, तेल. शेगडी रिकामी." लिहायच्या आधी ती घरभर फिरून प्रत्येक वस्तूला हात लावायची. डोळ्यांनी बघून लिहिलेलं खरं नसतं, ही दाजीची शिकवण. कागद दोन करायचे. एक कचेरीत, एक घरी. घरचे कागद शेगडीत ठेवलेले, कारण आख्ख्या बंगल्यात ओल न येणारी तेवढी एकच जागा.

अशी तीस वर्षं गेली. मनालीचं लग्न होऊन ती रोह्याला गेली. जावई धाटावला कंपनीत, शिफ्टचा माणूस. मनाली दर फोनला म्हणायची, "आये, आता बस कर. तुझे गुडघे काय सरकारने दिलेत का?"

"सरकारने दिले असते तर बदलून तरी मागितले असते," मालू म्हणायची.

पण गुडघे खरंच गेले होते. शिडीची तिसरी पायरी आली की पाय थरथरायचा. एक साल तेल चुकलं. दुसऱ्या सालीही चुकलं. झालर राखाडी पडली, म्हाताऱ्याच्या न धुतलेल्या दाढीसारखी. येता-जाता मालू मान वर करेनाशी झाली. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग सोडा काम. पत्रकात तिने तेवढा एकच शब्द दोन वर्षं खोटा लिहिला: "तेल."

आणि नेमकं तेव्हाच गणपतीआधी कचेरीतून कळलं की बंगला पाडायचा विचार चाललाय. कचेरीतला कारकून हरेश, पोरगेला, चांगला होता. त्याने समजावून सांगितलं. "मावशी, जुन्या वास्तूंची एक यादी असते. समिती येऊन बघणार. घर मूळचं जसं होतं तसं असलं तर यादीत जाईल, मग कोण हात लावणार नाय. नायतर लाकूड, कौलं, खांब, सगळं लिलावात."

"कधी येणार?"

"दसऱ्याच्या आसपास."

मालू घरी आली आणि ओसरीवर बसून राहिली. दाजी, हिरामण आणि ती, तिघांची मिळून पाऊणशे वर्षं त्या झालरीखाली गेली होती. आणि बघायला येणार कधी, तर ती अशी कळकट झाल्यावर.

मिथुन हा हिरामणच्या भावाचा मुलगा, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगाचं काम करणारा. हात गोड. डोळ्यांची आखणी करायला मालक त्यालाच बसवायचा. गणपती झाले, कारखान्याला चार दिवस सुट्टी पडली, आणि तो काकीला भेटायला आला. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने मान वर करून झालर बघितली.

"काकी, पावणे येणार नि घर असं? पोरगी बघायला आले तर तिला पावडर तरी लावतात."

"दाजी रंग लावू देत नसत."

"दाजी शिडी चढत होते. तू चढतंस काय?"

हे लागलं. तिने शिडीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "लाव. पण नीटनेटकं."

मिथुनने तीन दिवस घेतले. फवारणीचं यंत्र आणलं, उरलेले रंग आणले, दोन मित्र आणले. मालू खाली बसून त्यांना चहा करून देत होती. वर बघायचं नाही, एकदम शेवटी बघायचं, असं मिथुनने सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने तिला अंगणात नेऊन उभं केलं.

झालर सोनेरी. पानांच्या कडांना गुलाबी छटा, वर मोत्यासारखी चमक. बिडाचे खांब मोरपंखी. भाल्यांना भगवा. आणि मिथुनच्या हाताला खाज सुटलेलीच होती. त्याने दोन्ही त्रिकोणांतल्या गोल झरोक्यांना आखणी केली होती. काळी रेघ, आत पांढरं, कोपऱ्यात हलकी लाली. बंगला डोळे उघडून खाडीकडे बघत होता. अगदी प्रसन्न.

"कसा वाटतो?" मिथुन.

मालूला शिडीवरचा दाजी आठवला. पण पोराचं तोंड इतकं उजळलं होतं. "बोलंल असं वाटतंय," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया पाया पडायला येऊ लागल्या. एकीने जोत्यावर फूल ठेवलं. मालूने ते उचलून तुळशीत टाकलं आणि म्हणाली, "अगो, हे साहेबाचं घर. इथे मिठाचा कर घेत होते, प्रसाद नाय."

समिती आली, तिघांची. दोन पुरुष, आणि नम्रता नावाची एक बाई, चाळिशीची, मुंबईची, जुन्या घरांचा अभ्यास करणारी. गाडीतून उतरले आणि फाटकातच उभे राहिले. एक पुरुष हसला. दुसऱ्याने खिशातून पेन काढलं आणि तिथेच काहीतरी लिहिलं. नम्रता हसली नाही, लिहिलंही नाही. ती खाली बसली, फाटकाच्या दगडावर. लांबून आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसावं तशी.

"हे कोणी केलं?" हसणाऱ्याने विचारलं.

आपलं काम दाखवायला आलेला मिथुन पुढे सरकला. मालूने त्याला मागे ओढलं. "मी करवलं. चूक माझी. तुम्ही येणार म्हणून केलं."

"आजी, आम्ही मूळचं बघायला येणार होतो."

"ते आता कळलं. आमच्यात पावणे यायचे म्हणजे सारवतात, रंगवतात. मळकं घर दाखवलं तर अपमान होतो पावण्याचा."

लिहिणारा एवढंच म्हणाला की मूळ स्वरूप कसं होतं याला आता पुरावा नाही. जुने फोटो आहेत का? फोटो कोण काढणार! मनालीच्या लग्नाचे होते, त्यात मागे नुसता मांडव.

"पत्रक हाय," मालू म्हणाली.

तिने दालनात नेऊन शेगडीसमोरची फळी बाजूला केली. आत वर्षावर्षाचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले. खालचे दाजीच्या मोडीवळणाच्या अक्षरातले, वरचे तिच्या वेड्यावाकड्या. नम्रता फरशीवर मांडी घालून बसली ती उठेना. दोघे पुरुष गाडीत जाऊन बसले, परत आले, पुन्हा गेले. मालूने तिला भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली, ती तिने वाचता वाचता खाल्ली.

"आजी, हे वरून सातवं पान दाजींच्या कागदातपण हलतंय."

"ते पहिल्यापासून हलतं."

"ही व्हिक्टोरियन शैली. राणी व्हिक्टोरियाच्या काळात तिकडे घरं अशी नटवायचे. जाळी, रंगीत काचा, बाहेर आलेली खिडकी. रिकामी जागा म्हणून ठेवायची नाही कुठे."

"म्हणजे राणीला नटायची हौस दांडगी."

"उलट. नवरा गेल्यावर चाळीस वर्षं ती काळ्या कपड्यांतच होती."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "अंगावर घालता येत नाय ते माणूस घरावर घालतो."

जाताना नम्रता म्हणाली, रंग काढून लाकूड मूळचं निघालं तर ती समितीशी पुन्हा बोलून बघेल. मार्गशीर्षापर्यंत वेळ मिळवते. वचन देत नाही.

रंग काढायला मिथुनच आला. खरवडायला फुटक्या काचेचे तुकडे, सुतार वापरतात तसे. पहिल्या पानाला त्याने काच लावली आणि सोनेरी पापुद्रा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघून आला. दुसऱ्या पानाचंही तसंच. सत्तर-बहात्तर सालांचं उंडीचं तेल आत मुरलेलं. दोन वर्षं कोरडी गेली म्हणून वरून राखाडी पडली होती, पण रंगाला आत शिरू दिलं नव्हतं. मिथुन वरून ओरडला, "काकी, हे रंग धरतच नाय! माझ्या दोनशे गणपतींचा रंग एवढ्या सहज निघाला असता तर मालकाने मारला असता!"

"तूच चढ आता तेल घेऊन," मालू खालून म्हणाली, "नि पानं मोजून घास. सातवं सांभाळ."

तो चढला. चार रविवार लागले, खांब खरवडण्यासकट. मालू शिडी धरून उभी राहायची. उभं राहणं हेच आता तिच्या अंगावर येत होतं. रात्री गुडघ्याला तेच तेल चोळायची, डब्याच्या तळाचं. झरोक्यांचे डोळे सगळ्यात शेवटी गेले. ते पुसताना मिथुनचा हात जरा थांबला, तेव्हा ती दुसरीकडे बघत राहिली.

नम्रता मार्गशीर्षात येऊन बघून गेली. माघात हरेशने फोन करून बोलावून घेतलं आणि पत्र वाचून दाखवलं. मालूने ते दोनदा वाचायला लावलं. बंगला यादीत गेला होता. पाडायचा नाही. डागडुजी होणार. पत्रकांचे गठ्ठे जतन करायला नेणार. पुढे हरेश थांबला.

"वाच ना."

"आवारात कोणी राहायचं नाय, मावशी. मागच्या खोल्या नंतर बांधलेल्या आहेत, त्या मूळच्या नाहीत. त्या काढणार. आणि राखणीला एजन्सीचा गणवेशवाला माणूस येणार."

"म्हणजे घर राहतंय."

"घर राहतंय."

"नि आम्ही मूळचे नाय."

हरेशने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "मी अर्ज लिहून देऊ का? तुमचं वय, तुमची वर्षं, सगळं घालून. होईल काहीतरी."

मालूने विचार केला, नाही असं नाही. पण अर्ज म्हटला की खेटे आले, खेट्यांना जिने आले. आणि खरं सांगायचं तर पत्र ऐकताना तिच्या मनात दुःखाच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं होतं. डोक्यावरचा हंडा कोणीतरी उतरवून घ्यावा तसं. त्याची तिला लाज वाटली. "नको," ती म्हणाली. "जे मागायचं होतं ते मिळालं. दोन-दोन मागितलं की देणारा पहिलंपण काढून घेतो."

आता ती रोह्याला असते, मनालीकडे, दुसऱ्या मजल्यावर. खिडकी सपाट, भिंतीत सरळ बसवलेली. जावयाची रात्रपाळी असली की सकाळी घरात आवाज करायचा नाही, एवढं सोडलं तर जाच नाही. "कंटाळा येतो का गो आये?" मनाली विचारते. "कंटाळा करायला वेळ मिळाला हाय, तर करून घेते," मालू सांगते. मिथुन मधून फोन करतो. गणवेशवाला माणूस चांगला आहे म्हणतो, खुर्चीत बसून मोबाइल बघतो.

पण रोह्याला जाण्याआधीचं एक सांगायचं राहिलं. फाल्गुनाचा तो शेवटचा आठवडा. सामान बांधून झालं होतं, दोन बोचकी आणि एक पत्र्याची पेटी. जावई टेम्पो घेऊन दुपारी यायचा होता. इंग्रजी महिना संपत होता.

मालू सकाळी उठली, चहा घेतला, आणि घरभर फिरली. पोटुशी खिडकी. झिलमिली. चक्री जिन्याच्या पायऱ्यांना हात लावत वरपर्यंत गेली नाही, चौथीवरूनच परतली. खांब सहा. मग ओसरीवर बसून दोन कागद लिहिले. त्यातला घरी ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला, कारण शेगडीतले गठ्ठे आठवड्यापूर्वीच नेले होते. तिने तो तरीही शेगडीतच ठेवला आणि फळी लावली. दुसरा कागद घेऊन ती एसटीने पेणला गेली.

हरेश जेवणाचा डबा उघडत होता. "मावशी! अहो, आता कशाला? पत्रक बंद झालं. तुम्ही सुटलात."

"महिना झाला ना?"

"झाला."

"मग घे."

त्याने कागद घेतला आणि न वाचता गठ्ठ्यावर ठेवला, नेहमी ठेवायचा तसा. मालूने हात पुढे केला, नेहमी करायची तसा. पोच म्हणून तिच्या वहीवर शिक्का लागायचा. हरेशने डबा बाजूला सारून शिक्का मारला.

मालूने वही उजेडात धरून बघितली. शिक्क्याची डावी बाजू उठली नव्हती.

"परत मार," ती म्हणाली. "तारीख दिसत नाय."

त्याने शाईच्या गादीवर जोर देऊन परत मारला. तिने फुंकर घातली, वही पिशवीत टाकली, आणि बाराची गाडी चुकू नये म्हणून जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.